पिकअपचा लहरी हीटर: प्रकल्प नोंदी, नागपूर

गाडी: डिझेल पिकअप, चार सिलिंडर, २.५ लिटर टर्बो. ए.सी. आणि हीटर दोन्ही कारखान्यातूनच आलेले. मीटरवर २,११,४०० किमी. काम: कळमन्याच्या मार्केटमधून रात्री संत्री भरून सिवनी-जबलपूर, परतीला मिळेल तो माल. दुरुस्ती कामठी रोडवरच्या शेडमध्ये.

२ डिसेंबर

तक्रार चालकाच्याच शब्दांत लिहून घेतली: "कुरईचा घाट चढताना मस्त गरम हवा येते भाऊ, अन् उतरताना बर्फ. नाक्यावर थांबलो का थंडगार. कधी कधी तर पंखाच बंद पडते, खड्ड्यात आदळली का आपोआप सुरू."

यात तीन तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या. (अ) चढावर गरम, उतारावर थंड. (ब) इंजिन स्लोवर असताना थंड, रेस दिली की गरम. (क) ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, मध्येच बंद. "हीटर मर्जीनं चालतो" असं म्हटलं की तीनही एकाच पोत्यात जातात आणि मग हीटर कॉइल (जिच्या नळ्यांतून इंजिनाचं गरम पाणी फिरतं आणि आत येणारी हवा तापवतं) बदलण्यापर्यंत मजल जाते. या गाडीत कॉइल बाहेर काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. लहरी वाटणारा बिघाड बहुतेक वेळा लहरी नसतो. दोन-तीन नेमाने वागणारे बिघाड एकमेकांवर चढलेले असतात.

इंजिन रात्रभर थंड, सकाळी ६ वाजता शेडमध्ये १२ अंश. रेडिएटरची टोपी उघडली. पाणी तोंडापासून चार बोटं खाली, आणि शेजारची प्लॅस्टिकची टाकी मात्र काठोकाठ भरलेली. चालक रोज टाकीकडे बघून समाधान मानत होता. पाण्याचा रंग विटकरी, बोटांत चोळलं की बारीक रवा लागतो, कूलंटचा बुळबुळीतपणा नाही. म्हणजे साधं बोअरचं पाणी.

आज एकाही नटाला पाना लावला नाही. फक्त पाण्याची पातळी भरून घेतली, १.३ लिटर मावलं. पातळी पूर्ण नसताना घेतलेल्या तापमानाच्या नोंदींना अर्थ नसतो.

३ डिसेंबर

मोजमाप. साधनं: इन्फ्रारेड थर्मामीटर, आणि हवेच्या जाळीत खोचायला मल्टिमीटरची तार असलेला प्रोब. इन्फ्रारेडने काळ्या रबराच्या पाइपवर आकडा बरोबर येतो, चकचकीत ॲल्युमिनियमवर बराच कमी येतो. धातूवर मोजायचं असेल तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर नेम धरला.

इंजिन सुरू केल्यापासून दुसऱ्याच मिनिटाला रेडिएटरचा वरचा आणि खालचा पाइप एकत्रच कोमट होऊ लागले. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आणि बंद असेल तर वरचा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. इथे तसं झालं नाही. २० मिनिटं स्लोवर ठेवूनही वरचा पाइप ५८ अंश. आउटर रिंग रोडवर ६० च्या वेगाने रिकामी गाडी फिरवली, तरी ६६ च्या वर नाही. मीटरचा काटा पाव भागावर.

हीटरचे दोन पाइप फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), ब्लोअर पूर्ण वेगावर, बाहेर १३ अंश:
स्लोवर: आत जाणारा ५५, बाहेर येणारा ३३, जाळीत हवा २६.
२००० आरपीएमला: आत ६३, बाहेर ४९, हवा ३७.

हे आकडे वाचायची रीत अशी. दोन्ही पाइप गार असतील तर गरम पाणी कॉइलपर्यंत पोचतच नाही: पातळी, हीटर कॉक (कॉइलकडे जाणारं पाणी उघड-बंद करणारा) किंवा पाण्यात अडकलेली हवा. दोन्ही कडक गरम आणि जाळीत हवा गार, तर पाण्याची बाजू ठीक आहे, आतली झडप किंवा हवेचा मार्ग बघायचा. आत जाणारा गरम आणि बाहेर येणारा बराच गार, तर पाणी फिरतंय पण फार हळू, म्हणून कॉइलमध्येच सगळी उष्णता देऊन बसतं. सुदृढ कॉइलमध्ये हा फरक साधारण १० ते २० अंशांचा असतो. इथे रेसवर १४ आणि स्लोवर २२. पण आत जाणारं पाणीच जेमतेम ५५-६३ अंशांचं असल्यामुळे हा फरक फसवा आहे. पाणी गार असलं की फरकही आपोआप कमी दिसतो. आधी इंजिन नीट तापायला हवं.

४ डिसेंबर

थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, दोन बोल्ट. आत थर्मोस्टॅटची फक्त बाहेरची कडी होती, मधला वॉल (झडप) कापून टाकलेला. रबरी रिंग बसावी आणि पाणी गळू नये म्हणून कडी ठेवली. काम सफाईने केलेलं आहे, एवढंच ते करणाऱ्याच्या बाजूने म्हणता येईल.

नागपुरात हे नेहमी सापडतं, आणि ते केलेलं असतं मे महिन्यात. पारा ४५ च्या वर जातो, माल भरलेली गाडी तापते, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढला जातो. डिसेंबरातला थंड हीटर हा त्या उन्हाळ्याचा हिशेब असतो. शिवाय या इंजिनात तो उपाय उन्हाळ्यातही उलटा पडतो. इथल्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरचा वॉल उघडतो तशी ही चकती बायपासचं भोक बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉलसकट चकतीही गेली की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत. थंडीत इंजिन तापत नाही, मेमध्ये भरल्या लोडवर पुरेसं थंडही होत नाही.

नवा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, दोन चकत्यांचा. बसवण्याआधी पातेल्यात तपासला: दोऱ्याने टांगलेला, बुडाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. वॉलच्या फटीत दोरा अडकवून ठेवला तर उघडल्याचा क्षण नेमका कळतो, थर्मोस्टॅट दोरा सोडून खाली पडतो. ८१ ला पडला. ९५ पर्यंत पूर्ण उघडला, उचल ८.५ मिमी. पाणी पूर्ण उकळू द्यायची गरज नाही, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर असल्याने ते शंभराच्या थोडं आधीच उकळतं.

बसवताना हवा सुटायची छोटी पिन वरच्या बाजूला. रबरी रिंग नवी, सिलिकॉन अजिबात नाही. बाहेर दिसतो तेवढाच सिलिकॉनचा बोळा आतही फुगतो, तुटतो आणि थेट हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

५ डिसेंबर

तोच रिंग रोड, तोच वेग. वरचा पाइप ११ व्या मिनिटाला एकदम तापला, नंतर ८३-८५ वर स्थिर. काटा मध्यावर.

हीटर, रेसवर: आत ८०, बाहेर ५२, हवा ४६. स्लोवर: आत ७७, बाहेर ३६, हवा २९.

आता खरं चित्र दिसलं. स्लोवर ४१ अंशांचा फरक म्हणजे पाणी कॉइलमधून थेंबाथेंबाने जातंय. तक्रार (अ) मिटली असावी, घाटात खात्री होईल. (ब) शिल्लक. तिची चार कारणं संभवतात: पाण्यात हवा, कॉइल चोंदलेली, कॉक अर्धवट उघडा, वॉटर पंपाची पाती झिजलेली. पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायचा, कारण त्यासाठी टायमिंगच्या बाजूचं काम निघतं.

६ डिसेंबर

हवा येते कुठून? १.३ लिटर पाणी कमी होतं, आणि जमिनीवर डाग नाही.

आधी सगळ्यात वाईट शक्यता. हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) जळका वायू पाण्यात येतोय का, ते रंग बदलणाऱ्या निळ्या द्रावणाने रेडिएटरच्या तोंडावर तपासलं. इंजिन गरम, १० मिनिटं, मध्ये मध्ये रेस. द्रावण निळंच राहिलं, पिवळं पडलं नाही. गॅस्केट ठीक.

मग हातपंपाने दाब: टोपीवर ०.९ बार लिहिलंय तेवढाच, जास्त नाही. गरम इंजिनावर १५ मिनिटांत काटा हललाही नाही. इथे बरेच जण थांबतात. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पहाटे, ११ अंशांत घेतली: १५ मिनिटांत ०.९ वरून ०.६. हीटरच्या आत जाणाऱ्या पाइपच्या जुबली क्लिपखाली (स्क्रूने आवळायची पट्टी) थेंब. रबर वर्षानुवर्षं दबून कडक झालंय, थंडीत आकसतं, क्लिप मात्र आवळली होती तिथेच राहते. गरम झालं की रबर फुगून फट बुजते, म्हणून दुपारी गळती सापडत नाही. क्लिप आणखी आवळणं हा उपाय नव्हे, तिने रबर कापलं जातं. पाइपचं टोक दोन सेंमी छाटलं आणि स्प्रिंगची क्लिप लावली, ती रबराबरोबर आकसते-फुगते. दुसऱ्या पाइपलाही तीच.

टोपीही नापास. तिला दोन झडपा असतात: दाब वाढला की पाणी टाकीत सोडणारी, आणि इंजिन थंड होताना टाकीतून परत ओढणारी मधली छोटी. ही छोटी क्षाराने चिकटली होती. पाणी टाकीत गेलं ते परत आलंच नाही, आणि इंजिनाने थंड होताना त्या सैल क्लिपमधून हवा ओढली. म्हणून टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा. क्लिप घट्ट असती तर सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसला असता आणि टोपीचा दोष पहिल्याच दिवशी कळला असता. दोन बिघाड एकमेकांना झाकत होते. नवी टोपी त्याच ०.९ ची.

८ डिसेंबर

कॉइल धुणे. आधी एक कबुली: इंजिनाचा ब्लॉक थर्मोस्टॅट बसवण्याआधीच धुवायला हवा होता. आता थर्मोस्टॅट पुन्हा काढावा लागला. रिंग नवीच, म्हणून वाया गेली नाही.

पाणी पूर्ण काढलं, ६.२ लिटर. गटारात नाही, डब्यात. यात कूलंट नव्हतं, पण असतं तेव्हा ते गोडसर लागतं आणि शेडमधली कुत्री चाटतात. ते विष आहे.

इंजिनावरची हीटरची दोन तोंडं एका पाइपच्या तुकड्याने एकमेकांना जोडली, म्हणजे ब्लॉक धुताना सुटणारा गाळ कॉइलमध्ये जाणार नाही. ब्लॉक आणि रेडिएटर उलट्या दिशेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. जवळपास अर्धा तास लागला.

कॉइलसाठी उन्हाळ्यात कूलरमध्ये असतो तोच १८ वॅटचा पंप वापरला. नागपुरात तो कोणत्याही घरात निघतो, आणि त्याचा जोर इतका बेताचा की जुन्या कॉइलचे जोड फुटायची भीती नाही. नळाला किंवा वॉशिंगच्या पंपाला थेट जोडणं इथे महागात पडतं. पंप फार उंच उचलत नाही, म्हणून बादली स्टुलावर, फायरवॉलच्या पातळीला. पंप चालू असताना बादलीत हात घालायचा नाही, आणि प्लग अर्थिंग असलेल्या पॉइंटलाच.

आधी मोजणी. हीटर कॉक काढून बाजूला ठेवला. नुसत्या पाइपमधून १० लिटर: १ मिनिट २ सेकंद. कॉइलमधून १० लिटर: ५ मिनिटं ४० सेकंद. यावर आणखी बोलायची गरज नाही.

कॉइल कशाची, ते नळीच्या तोंडावर चाकूने खरवडून पाहिलं: आत पांढरं. म्हणजे ॲल्युमिनियम. पिवळट निघालं असतं तर पितळ, आणि मग द्रावण थोडं कडक चाललं असतं. ॲल्युमिनियमला संडास साफ करायचं ॲसिड कधीच नाही. तासाभरात क्षार जाईल, पण नळीही पातळ होईल, आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी चालकाच्या पायावर फुटेल.

द्रावण: १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम लिंबूसत्व, किराणा दुकानातलं. तापमान ४५ अंशांपर्यंतच, पंप प्लॅस्टिकचा आहे. परतीचा पाइप बादलीतच सोडला. एका दिशेने २० मिनिटं, मग पाइप अदलाबदल करून २० मिनिटं.

९ डिसेंबर

पहिल्या फेरीत परतीच्या पाण्यात बारीक फेस आणि विटकरी चिखल. फेस हा क्षार विरघळत असल्याची खूण. तो थांबला म्हणजे एक तर क्षार संपला, नाही तर द्रावणाचा जोर संपला. फरक ओळखायचा तर ताजं द्रावण घालून बघायचं. दुसऱ्या ताज्या द्रावणाला पुन्हा फेस आला, तिसऱ्याला आला नाही. तिथे थांबलो. एकूण लिंबूसत्व ९०० ग्रॅम.

नंतर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम खायचा सोडा, १० मिनिटं. मग तीनदा साधं पाणी, शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. आरओवाल्याकडे असतो त्या पेन-मीटरवर शेडच्या बोअरचं पाणी ८१० पीपीएम दाखवतं, डिस्टिल्ड ४. या मीटरवर नेमका कठीणपणा कळत नाही, विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, पण पाणी रेडिएटरच्या लायकीचं नाही हे कळायला तेवढं पुरे.

पुन्हा मोजणी, १० लिटर कॉइलमधून: १ मिनिट ३१ सेकंद.

गळती नाही. ही शक्यता आधीच सांगून ठेवावी लागते: काही कॉइल क्षारानेच बुजलेल्या असतात, धुतल्यावर गळू लागतात. तसं झालं तर दोष धुण्याचा नव्हे, पण गाडीमालकाला ते आधी सांगितलेलं असलं तरच पटतं.

१० डिसेंबर

हीटर कॉक. आतली पट्टी पूर्ण उघडली जात नव्हती. लिव्हर टोकापर्यंत जातो, पण केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकतं. उन्हाळ्यात ए.सी. साठी कॉक बंद ठेवला की महिनोन्‌महिने हलत नाही आणि जड होतो. तो मोकळा केला. कॉक पूर्ण उघडा धरून, लिव्हर पूर्ण गरमवर ठेवून, मग क्लिप दाबली. आतल्या हवेच्या झडपेची केबल ठीक होती.

कूलंट भरणे. वापरायला तयार मिश्रणच घेतलं, म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला. नागपुरात गोठण्याची भीती नाही. कूलंट लागतं ते गंज आणि क्षार रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला.

हवा काढताना गाडी उतारावर, तोंड वरच्या बाजूला, लिव्हर पूर्ण गरम, फनेल रेडिएटरच्या तोंडावर. हळूहळू ६.५ लिटर गेलं. इंजिन स्लोवर, हीटरचे पाइप हाताने दाबत राहायचं, फनेलमध्ये बुडबुडे येतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली बसते, तेव्हा भर. बुडबुडे बंद झाल्यावर २००० आरपीएमला पाच मिनिटं. टोपी लावून रात्रभर थंड, सकाळी आणखी ३०० मिली. गरम इंजिनाची टोपी उघडायची नाही, हे लिहायची गरज नसावी, पण शेडमध्ये दरवर्षी एकाचा हात भाजतो.

१२ डिसेंबर

ब्लोअर, तक्रार (क). चौथ्या वेगाला वीज थेट जाते, पहिल्या तीन वेगांना रेझिस्टरमधून (वीज अडवून पंखा हळू करणारा भाग). फक्त खालचे वेग गेले असते तर रेझिस्टर. इथे सगळेच बंद पडतात आणि धक्क्याने सुरू होतात, म्हणजे जोडणी.

इंजिन सुरू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. मोटरच्या दोन टोकांत ११.६. उरलेले २.३ कुठे गेले? मोटरचं निगेटिव्ह टोक ते बॅटरीचं निगेटिव्ह: १.६ व्होल्ट. हा आकडा ०.२ च्या आत हवा. मोटर १४ अँपिअर ओढते, म्हणजे अर्थिंगच्या एका बोल्टवर २२ वॅट जळतायत, जवळपास २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतके. तारांचा जुडगा हलवला तर आकडा थेट ९ वर आणि पंखा बंद.

अर्थिंगचा बोल्ट क्लीनरच्या पायाशेजारच्या पट्टीमागे, गंजलेला. गंज का, तर ए.सी. च्या पाण्याची नळी धुळीने बुजलेली, पावसाळ्यात पाणी आत पायदाणीवर उतरायचं. चालक त्याला हीटरची गळती समजला होता. ए.सी. चं पाणी बिनवासाचं असतं. कूलंट बुळबुळीत, गोडसर वासाचं, आणि काचेवर तेलकट धुकं धरतं.

पत्रा घासून चमकवला, तारेच्या टोकाचा लग नवा दाबला, वर ग्रीस. रेझिस्टरच्या सॉकेटची एक पिन तपकिरी पडली होती, तीही बदलली. नळी तारेने मोकळी केली. आता तोटा ०.०८ व्होल्ट.

१५ डिसेंबर

रस्त्यावरची चाचणी, भरल्या मालासह. पहाटे ४ ला निघून मनसर, देवलापार, खवासा, कुरईचा घाट आणि परत. बाहेर ९ ते ११ अंश.

सपाटीला ६० वर: आत जाणारा पाइप ८२, बाहेर येणारा ६७, हवा ५६. नाक्यावर १२ मिनिटं स्लोवर: ७९, ६०, हवा ४८. घाट चढताना हवा ५८, उतरताना ५१ पर्यंत खाली, पुढे नाही. डिझेल इंजिन बिनलोड उतारावर उष्णता कमीच देतं, त्यामुळे एवढी घट राहणारच. ब्लोअर एकदाही बंद पडला नाही. वॉटर पंपाला हात लावावा लागला नाही.

२४ डिसेंबर

९४० किमीनंतर. थंड इंजिनावर रेडिएटर तोंडापर्यंत, टाकी खुणेपासून एक बोट खाली. १०० मिली भरलं. राहिलेली हवा निघाली असावी. पहाटेची दाब-चाचणी पुन्हा: १५ मिनिटांत ०.९ वरून ०.८८.

वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी कोरडा हिरवट डाग, ओलावा नाही. फोटो काढून ठेवला. २,१५,००० ला पुन्हा बघायचं.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला तारेने पत्र्याची पट्टी बांधली: "आत ८२ चा वॉल आहे. गाडी तापली तर आधी रेडिएटरची जाळी, फॅन क्लच आणि टोपी बघा." चालकाकडे तयार मिश्रणाचा एक लिटरचा डबा दिला. रस्त्यात पातळी कमी झाली तर बोअरच्या पाण्याऐवजी हेच घालायचं.